बहिरेपण: टाळता येणारे किती, उपचार कुठे, आणि सरकारी योजना कोणत्या?

बाळ जन्माला आले की त्याच्या उजव्या कानात अजान दिली जाते. आपल्या घरांत माणसाचे आयुष्य असे कानापासून सुरू होते. कुरआनातही ऐकण्याच्या आणि पाहण्याच्या शक्तीचा उल्लेख एकत्र येतो, तेव्हा बहुतेक ठिकाणी ऐकणे आधी येते. पण त्या बाळाला ती अजान खरंच ऐकू आली का, हे तपासून घ्यायची सवय मात्र आपल्याकडे अजून लागलेली नाही. डोळ्यांची तपासणी, पोलिओचे थेंब, वजन, हे सगळे आपण आठवणीने करतो. कान राहून जातो, कारण बहिरेपण दिसत नाही आणि दुखतही नाही. मूल तीन वर्षांचे होऊन बोलत नाही, तेव्हा घरात पहिल्यांदा शंका येते. तोपर्यंत सर्वात मोलाचा काळ निघून गेलेला असतो.

बहिरेपण कशामुळे येते, त्यातले काय टाळता येते, सरकारी कार्यक्रम कोणते आहेत आणि ते आपल्या मोहल्ल्यापर्यंत कसे आणायचे, ही माहिती या लेखात एकत्र दिली आहे.

प्रश्न किती मोठा आहे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ऐकण्यासंबंधीचा पहिला जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार जगात सुमारे १५० कोटी लोकांना, म्हणजे दर पाचांतील एकाला, कमी-जास्त प्रमाणात ऐकू येण्याची अडचण आहे. त्यांपैकी सुमारे ४३ कोटी लोकांना उपचाराची किंवा पुनर्वसनाची गरज आहे. २०५० पर्यंत ही गरज ७० कोटी लोकांपर्यंत पोहोचेल, असा अंदाज आहे. याच अहवालातली दुसरी गोष्ट आशा देणारी आहे. लहान मुलांमधील सुमारे ६० टक्के बहिरेपण सार्वजनिक आरोग्याच्या साध्या उपायांनी टाळता येते.

आपल्या देशात २०११ च्या जनगणनेत सुमारे ५० लाख ७१ हजार लोकांची नोंद श्रवणदोष असलेले म्हणून झाली. पण जनगणनेत लोक स्वतः सांगतात तेवढेच लिहिले जाते. थोडे कमी ऐकू येणारे, एकाच कानाने ऐकणारे, वयामुळे ऐकू कमी झालेले आजी-आजोबा त्यात बहुधा येतच नाहीत. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या कागदपत्रांत जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाचा आधार घेऊन ६ कोटी ३० लाख हा आकडा दिलेला असतो. दोन आकड्यांतली ही तफावत एवढंच सांगते की बहुतेक माणसे अडचण मनातच ठेवून जगत असतात.

बहिरेपणाचे दोन प्रकार

बाहेरच्या कानात मळ साचला, पडद्याला छिद्र पडले किंवा मधल्या कानात पाणी-पू झाला, तर आवाज आत पोहोचत नाही. हे पहिल्या प्रकारचे बहिरेपण. औषधाने किंवा शस्त्रक्रियेने ते बहुतेक वेळा बरे होते किंवा बरेच सुधारते.

दुसरा प्रकार आतल्या कानाचा. तिथे गोगलगाईच्या शंखासारखा एक भाग असतो आणि त्यात अतिशय नाजूक केसपेशी असतात. आवाजाचे रूपांतर त्या विजेच्या संदेशात करतात आणि नस तो संदेश मेंदूकडे नेते. माणसाच्या या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. म्हणून आतल्या कानाच्या बहिरेपणात 'नंतर बघू' म्हणून चालत नाही. आधी टाळणे, आणि टळले नाही तर लवकर ओळखून श्रवणयंत्र किंवा इम्प्लांट, एवढाच मार्ग उरतो.

ऐकणे डेसिबलमध्ये मोजतात. साधे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे असते. २० डेसिबलपेक्षा हळू आवाज ऐकू येत असेल तर कान चांगला. ३५ च्या पुढे गेले की साध्या बोलण्यात शब्द निसटू लागतात आणि ६५ च्या पुढे श्रवणदोष तीव्र मानला जातो.

टाळता येणारी कारणे

१. गोवर आणि रुबेला

गोवराने कानात संसर्ग होतो, कधी मेंदूला सूज येते, आणि दोन्हींतून ऐकणे जाऊ शकते. रुबेला मुलाला फारसा त्रास देत नाही. थोडा ताप, थोडे पुरळ, संपलं. पण गर्भवतीला पहिल्या तीन महिन्यांत रुबेला झाला, तर तो पोटातल्या बाळाला होण्याची शक्यता ९० टक्क्यांपर्यंत असते. असे बाळ बहिरेपण, मोतीबिंदू आणि हृदयाचा दोष घेऊन जन्माला येऊ शकते.

यावर लस आहे आणि ती फुकट आहे. एमआर लसीचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत दिला जातो. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये ९ महिने ते १५ वर्षे वयाच्या मुलांसाठी मोठी मोहीम झाली. त्या वेळी मोबाईलवर अफवा फिरल्या, लसीने मूल होत नाही वगैरे, आणि आपल्या अनेक वस्त्यांत आईबापांनी मुलांना त्या दिवशी शाळेतच पाठवले नाही. पुढे २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी आणि आसपासच्या भागांत गोवराची साथ आली. भिवंडी-मालेगावातही रुग्ण सापडले. मुले दगावली, आणि आजारी पडलेल्यांत लस न घेतलेल्या मुलांचे प्रमाण मोठे होते. अफवेची किंमत अशी मुलांनी चुकवली. ज्या मुली आज लस घेतील, त्या उद्या आई होतील तेव्हा त्यांचे बाळ रुबेलापासून सुरक्षित असेल, हे घराघरांत सांगितले पाहिजे.

पेंटाव्हॅलंट आणि न्यूमोकोकल या लसीही कानासाठी महत्त्वाच्या आहेत. मेंदूज्वर करणाऱ्या काही जंतूंपासून त्या वाचवतात, आणि मेंदूज्वर हे मुलांत नंतर आलेल्या बहिरेपणाचे एक मोठे कारण आहे.

२. कान वाहणे

'लहानपणी सगळ्यांचाच कान वाहतो, मोठेपणी थांबतो' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. ते धोक्याचे आहे. सर्दी नाकामागच्या नळीतून मधल्या कानात जाते, पू होतो, पडद्याला छिद्र पडते आणि कान वारंवार वाहू लागतो. दाटीची घरे, चुलीचा किंवा बिडी-सिगारेटचा धूर, कुपोषण, बाळाला आडवे निजवून बाटलीने दूध पाजणे, या सगळ्यांनी हा त्रास वाढतो. उपचार न केल्यास कानामागच्या हाडात, क्वचित मेंदूपर्यंत संसर्ग जाऊ शकतो.

कानात गरम तेल, लसणाचे तेल, दूध, कुठलाही रस घालू नये. काडी, हेअरपिन, चावी घालू नये. रस्त्यावर कान साफ करून देणाऱ्याकडे कान देऊ नये. कानातला मळ सहसा आपोआप बाहेर येतो, तो कोरण्याची गरज नसते.

वुजूबद्दल एक गोष्ट. वुजूत कानाचा मसह ओल्या बोटाने होतो, कानात पाणी ओतायचे नसते. ज्याच्या पडद्याला छिद्र आहे त्याने अंघोळ किंवा गुस्ल करताना कानाच्या तोंडाशी व्हॅसलीन लावलेला कापूस ठेवावा, असे डॉक्टर सांगतात. मसल्याबाबत मनात शंका असेल तर आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारून घ्यावे. आजारी माणसाला दीनमध्ये सवलत आहे.

३. बाळंतपण आणि कावीळ

जन्मतः वजन दीड किलोपेक्षा कमी, जन्मल्यावर न रडलेले बाळ, अतिदक्षता विभागात राहिलेले बाळ, आणि तीव्र कावीळ झालेले बाळ, यांना बहिरेपणाचा धोका जास्त असतो. नवजात बाळाला कावीळ दिसली की 'उन्हात धरा, जाईल' यावर थांबू नये. कावीळ फार वाढली तर ती ऐकण्याच्या नसेला आणि मेंदूला कायमची इजा करू शकते. गरोदरपणातली नियमित तपासणी आणि दवाखान्यातले बाळंतपण हा कानाचाही बचाव आहे.

४. औषधे

जेंटामायसिन, अमिकासिन, कॅनामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन ही इंजेक्शने आतल्या कानाला इजा करू शकतात. कधी कधी जीव वाचवण्यासाठी ती द्यावीच लागतात. पण साध्या तापाला, जुलाबाला कुणी 'पॉवरवालं इंजेक्शन' देत असेल तर औषधाचे नाव विचारा. औषधाला प्रतिसाद न देणाऱ्या टीबीसाठी पूर्वी अशी इंजेक्शने महिनोन्‌महिने दिली जात आणि कित्येकांचे ऐकणे त्यात गेले. आता अशा टीबीसाठी गोळ्यांचे उपचार आले आहेत. इंजेक्शन चालू असताना कानात घंटा वाजल्यासारखे वाटू लागले तर लगेच डॉक्टरांना सांगावे.

५. आवाज: यंत्रमाग, डीजे आणि इअरफोन

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या गावांचा श्वास यंत्रमागावर चालतो. लूमच्या कारखान्यात आवाज ९० डेसिबलच्या वरच असतो, बऱ्याच ठिकाणी १०० च्या आसपास जातो. तिथे माणूस दहा-बारा तास उभा असतो. अशा आवाजाने आधी बारीक, उंच स्वर जातात. म्हणून कारागिराला आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाही. 'स', 'श', 'फ', 'थ' एकमेकांत मिसळतात. घरी टीव्ही मोठा होतो, फोनवर बोलणे ओरडून होते, आणि घरचे म्हणतात, अब्बा लक्ष देत नाहीत.

कारखाना कायद्याखालच्या नियमांत ८ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा होती. १९४८ च्या कारखाना कायद्यात आवाजाने येणारे बहिरेपण अधिसूचित रोगांच्या यादीत होते, तर कामगार नुकसानभरपाईच्या आणि राज्य विमा योजनेच्या कायद्यांत ते व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेले होते. पण छोट्या, विखुरलेल्या लूममध्ये मजुराची नोंदच नसते, तिथे हा हक्क कागदावर राहतो. तोवर निदान कानातले प्लग वापरावेत. ते स्वस्त असतात आणि नीट बसवले तर आवाज १५ ते ३० डेसिबलने कमी करतात. नुसता कापूस कोंबून फारसा उपयोग होत नाही. मालकांनी प्लग द्यावेत, वर्षातून एकदा कामगारांची कान तपासणी करून घ्यावी, आणि लूमशेजारच्या खोलीत तान्ही बाळे झोपवू नयेत.

तरुणांसाठी हिशेब सोपा आहे. ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो. ९० डेसिबल आठवड्याला ४ तास. १०० डेसिबल जेमतेम २० मिनिटे. जुलूसातल्या डीजेसमोर तासभर नाचणारा मुलगा कित्येक आठवड्यांचा कोटा एका संध्याकाळी संपवतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकरला बंदी आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही हेच सुनावले की मोठा आवाज गणेशोत्सवात घातक असेल तर तो ईद-ए-मिलादच्या जुलूसातही घातकच आहे. ज्या नबींनी शेजाऱ्याला त्रास देऊ नका म्हणून शिकवले, त्यांच्या जन्मदिनी आजारी शेजाऱ्याच्या खिडक्या थरथरतात, याचा विचार आपणच करायला हवा.

इअरफोनचा आवाज ६० टक्क्यांच्या वर नेऊ नये आणि मध्ये मध्ये कानाला विश्रांती द्यावी.

६. जवळच्या नात्यातले लग्न

हा विषय घरात काढला की लोक नाराज होतात, पण तो टाळून चालणार नाही. जन्मजात बहिरेपणाच्या साधारण निम्म्या प्रकरणांत कारण आनुवंशिक असते, आणि त्यातला मोठा भाग असा की आई आणि वडील दोघांकडे एकच दोषयुक्त जनुक लपून बसलेले असते. दोघांनाही नीट ऐकू येते. पण दोघांकडून ते जनुक बाळाला मिळाले तर बाळ बहिरे जन्मते. अशा जोडप्याच्या प्रत्येक गर्भधारणेत ही शक्यता चारात एक असते. चुलत, मामे, आत्ये, मावस भावंडांचे पूर्वज एकच असल्यामुळे दोघांकडे तेच जनुक असण्याची शक्यता वाढते, आणि पिढ्यान्‌पिढ्या नात्यातच लग्ने होत राहिली तर आणखी वाढते.

हा प्रश्न केवळ मुसलमानांचा नाही. महाराष्ट्रात आणि दक्षिणेत अनेक हिंदू समाजांतही मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. आणि नात्यात लग्न केले म्हणजे मूल बहिरे होणारच असेही नाही, बहुतेक मुले निरोगी जन्मतात. पण शरीअतने अशा लग्नाची परवानगी दिली आहे, हुकूम दिलेला नाही. घराण्यात आधीच कुणी जन्मतः बहिरे असेल, तर पुन्हा त्याच घराण्यात नाते जोडण्यापूर्वी आनुवंशिकतेच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. नाते झालेच असेल तर बाळाची कान तपासणी पहिल्या महिन्यात न चुकता करावी. आणि बहिरे मूल जन्मले म्हणून फक्त सुनेला दोष देणे पूर्ण चुकीचे आहे. जनुक दोघांकडून आलेले असते.

राष्ट्रीय कार्यक्रम

केंद्र सरकारने राष्ट्रीय बहिरेपण प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम २००७ मध्ये प्रायोगिक स्वरूपात २५ जिल्ह्यांत सुरू केला. पुढे तो इतर जिल्ह्यांत वाढत गेला आणि आज राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा भाग आहे. त्याची उद्दिष्टे थोडक्यात अशी: टाळता येणारे बहिरेपण टाळणे, लवकर ओळखणे, सर्व वयोगटांना उपचार देणे आणि पुनर्वसनाशी जोडून देणे.

त्याची रचना पायऱ्यांची आहे. आशाताई आणि अंगणवाडीताई वस्तीत संशयित मुले ओळखतात. प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर कान पाहतात, साधे उपचार करतात आणि गरज असेल त्याला पुढे पाठवतात. जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा तज्ज्ञ, ऐकण्याची तपासणी करणारा कर्मचारी आणि श्रवणदोष असलेल्या मुलांना शिकवणारा प्रशिक्षक असावा, अशी योजना आहे. प्रत्यक्षात कुठे तज्ज्ञाचे पद रिकामे असते, कुठे यंत्र असते पण चालवणारा नसतो. अशा वेळी गप्प बसू नये. जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी अर्ज करावा, लोकप्रतिनिधींना सांगावे. मागणी दिसली नाही तर पद भरले जात नाही.

दुसरा कार्यक्रम २०१३ पासूनचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. यात ० ते १८ वर्षांच्या मुलांची तपासणी होते. फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येते. जन्मजात बहिरेपण आणि ऐकण्यातील दोष या यादीत आहेत. दोष आढळलेल्या मुलाला जिल्हा स्तरावरच्या लवकर निदान केंद्रात पाठवले जाते आणि उपचार मोफत असतात.

इथे एक फट आहे. जी मुले फक्त मदरशात शिकतात किंवा विनाअनुदानित शाळेत जातात, ती या तपासणीतून सुटू शकतात. मदरशाच्या जिम्मेदारांनी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र देऊन पथक बोलवावे.

एक, तीन, सहा

नवजात बाळाच्या कानाबाबत जगभर एक नियम मानला जातो. एक महिन्याच्या आत पहिली तपासणी, तीन महिन्यांच्या आत पक्के निदान, सहा महिन्यांच्या आत उपचाराची सुरुवात. पहिल्या तपासणीला ओएई म्हणतात. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी नळी ठेवतात, काही मिनिटांत होते, सुई नाही, दुखणे नाही. त्यात शंका आली तर बेरा नावाची तपासणी करतात. तिच्यात आवाजाला नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते कळते.

ही घाई का, तर भाषा शिकण्याची मेंदूची ताकद पहिल्या काही वर्षांत सर्वात जास्त असते. त्या काळात आवाज किंवा खुणांची भाषा, काहीच मिळाले नाही, तर पुढे कितीही मेहनत केली तरी कसर भरून निघणे अवघड जाते.

तपासणीची सोय जवळ नसेल तर आईने एवढे बघावे:

• नवजात बाळ मोठ्या आवाजाला दचकते का?
• सहा महिन्यांपर्यंत आवाजाच्या दिशेने मान वळवते का?
• नऊ-दहा महिन्यांत नावाने हाक मारली की बघते का, बा-बा, दा-दा करते का?
• वर्षाच्या सुमारास पहिला शब्द आला का?
• दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडते का? 'अम्मी पानी' एवढे पुरे.

यांपैकी काही होत नसेल तर 'याचे वडीलही उशिरा बोलले होते' म्हणून थांबू नका. तावीज, दम-दुआ करायची असेल तर करा, पण तपासणी त्याच आठवड्यात करा. दवा करणे हीसुद्धा सुन्नत आहे.

श्रवणयंत्र, इम्प्लांट आणि अली यावर जंग संस्था

मुंबईत बांद्रा रेक्लमेशनला वाचा आणि श्रवण दोषांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. स्थापना १९८३ ची. तिला नाव आहे अली यावर जंग यांचे. ते १९७१ ते १९७६ या काळात महाराष्ट्राचे राज्यपाल होते, त्याआधी उस्मानिया आणि अलीगढ मुस्लिम या दोन्ही विद्यापीठांचे कुलगुरू राहिले. त्यांच्या नावाच्या या संस्थेत तपासणी, वाचा-उपचार, श्रवणयंत्र आणि पालकांना मार्गदर्शन, सगळे एका ठिकाणी मिळते. बारावीनंतर आपल्या मुलामुलींनी या क्षेत्रातले अभ्यासक्रमही बघावेत. उर्दू बोलणारे वाचा-उपचारक फार थोडे आहेत, आणि मुलाला घरच्या भाषेत शिकवणारा माणूस मिळाला तर ते लवकर बोलते.

मुंबईत जे.जे., केईएम, नायर, सायन या रुग्णालयांतही कान-नाक-घसा विभाग आहेत.

केंद्राच्या 'एडिप' योजनेतून दिव्यांगांना श्रवणयंत्रे मिळतात. उत्पन्नाची मर्यादा आहे, तिच्या आत असलेल्यांना मोफत किंवा निम्म्या किमतीत. ज्या लहान मुलांना श्रवणयंत्राचा उपयोग होत नाही, त्यांना याच योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांट मिळते. बाजारात त्याला काही लाख रुपये लागतात. या कामासाठी देशभराची समन्वय संस्था अली यावर जंग संस्थाच आहे. जन्मजात बहिऱ्या मुलासाठी वय फार महत्त्वाचे, पाच वर्षांच्या आत अर्ज केला पाहिजे. आणि ऑपरेशन झाले म्हणजे काम संपले असे नाही, त्यानंतर वर्ष-दोन वर्षे नियमित वाचा-उपचार लागतात. ते सोडले तर लाखांचे यंत्र कानामागे नुसते लटकत राहते.

श्रवणयंत्र तपासणीनंतरच घ्यावे. ऑनलाइन मिळणारे स्वस्त 'आवाज वाढवणारे' यंत्र सगळेच आवाज सारखे मोठे करते, ते श्रवणयंत्र नव्हे.

शाळेत काय पाहावे

वर्गात एक मूल असते, जे शेवटच्या बाकावर बसते, प्रश्न विचारला की शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघते, श्रुतलेखनात 'सात'चा 'हात' करते. आम्ही शिक्षक त्याला सुस्त म्हणतो. कित्येकदा त्याचा कान वाहत असतो किंवा मधल्या कानात पाणी असते. अशा मुलाला पहिल्या बाकावर बसवावे, फळ्याकडे तोंड करून बोलू नये, सूचना लिहून द्यावी आणि पालकांना बोलावून कान तपासायला सांगावे. उर्दू माध्यमात अडचण आणखी वाढते, कारण घरची बोली, शाळेची उर्दू आणि मराठी, तीन भाषांचे आवाज त्याला अर्ध्या कानाने वेगळे करायचे असतात. कानशिलात मारणे तर गुन्हाच आहे. एका चापटीने पडदा फाटू शकतो.

ज्येष्ठांचे ऐकणे

साठीनंतर ऐकणे हळूहळू कमी होते. 'म्हातारपण आहे' म्हणून सोडून दिले की माणूस बोलण्यातून, मग मजलिसीतून, मग घरातूनच बाजूला पडतो. उपचार न केलेले बहिरेपण आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध असल्याचे संशोधनातून दिसले आहे. २०१७ पासून केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठांना श्रवणयंत्रांसह साधने मिळतात. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये मिळतात.

एका कानाने अचानक, एका दिवसात ऐकू येईनासे झाले तर ती तातडीची बाब समजा. पहिल्या दोन-तीन दिवसांत उपचार सुरू झाले तर ऐकणे परत येण्याची शक्यता जास्त असते.

प्रमाणपत्र आणि हक्क

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा अधिक दोष असेल तर 'कर्णबधिर' आणि ६० ते ७० डेसिबल असेल तर 'कमी ऐकू येणारा' मानतात. यूडीआयडी कार्डासाठी ऑनलाइन अर्ज होतो आणि तपासणी सरकारी रुग्णालयात. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर ६ ते १८ वर्षे मोफत शिक्षण, उच्च शिक्षणात किमान ५ टक्के राखीव जागा आणि सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे, त्यातला १ टक्का श्रवणदोष असलेल्यांसाठी. अनेक आईबाप मुलीचे लग्न जमणार नाही म्हणून प्रमाणपत्र काढत नाहीत. त्याने दोष लपत नाही, मुलीचा हक्क मात्र जातो.

ज्या मुलांना यंत्राचा उपयोग होत नाही त्यांच्यासाठी भारतीय खुणांची भाषा ही पूर्ण भाषा आहे. तिच्यात लाजण्यासारखे काही नाही. घरातल्या सगळ्यांनी ती शिकावी, नाहीतर मूल स्वतःच्याच घरात पाहुणा होते.

मोहल्ल्याने काय करावे

• ३ मार्च हा जागतिक श्रवण दिन. त्या आठवड्यात मशिदीच्या किंवा शाळेच्या हॉलमध्ये कान तपासणी शिबिर घ्यावे. तपासणीत ज्याला पुढे पाठवले, तो खरंच गेला का, याची यादी कमिटीने ठेवावी. बहुतेक शिबिरे इथेच फसतात.
• जुमाच्या बयानात वर्षातून दोनदा तरी इमामसाहेबांनी लस आणि नवजात बाळाच्या कान तपासणीबद्दल सांगावे.
• जकात-सदका गोळा करणाऱ्या संस्थांनी गरजू मुलांच्या वाचा-उपचाराचा, बॅटरीचा आणि प्रवासाचा खर्च उचलावा. यंत्र सरकार देते, पण दर आठवड्याला भिवंडीहून बांद्र्याला जायचे भाडे आणि बुडालेली रोजी कोणी देत नाही. मुले मधेच उपचार सोडतात ती याच कारणाने.
• जुलूस कमिटीने डीजे न लावण्याचा ठराव करावा.
• बहिऱ्यांना दीन कळावा अशी सोय करावी. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातील पुळिक्कल येथे २०१८ मध्ये सुरू झालेल्या मशिदीत खुतबा खुणांच्या भाषेत समजावला जातो. महाराष्ट्रातल्या मोठ्या मशिदींनी महिन्यातून एक जुमा असा ठेवून सुरुवात करायला काय हरकत आहे?

आपल्या घरात, शेजारी किंवा वर्गात एखादे मूल हाकेला बघत नसेल, तर हा लेख वाचून झाल्यावर पहिले काम तेच करा. आशाताईंना सांगा, जिल्हा रुग्णालयाचा दिवस विचारून घ्या, आणि गरज पडली तर स्वतः सोबत जा. पाच वर्षांचे झाल्यावर आणलेल्या मुलापेक्षा पाच महिन्यांचे असताना आणलेल्या मुलाला मिळणारे आयुष्य फार वेगळे असते.